ऑल्ट-टॅब नेमकं चुकतं कुठे? कीबोर्डवरून विंडो बदलण्याची नीट पद्धत

नागपुरातलं बर्डीवरचं डीटीपीचं दुकान घ्या, सेतू केंद्र घ्या किंवा कळमन्यातली अडत घ्या. स्क्रीनवर पाच-सहा विंडो उघड्या असतात, ऑपरेटरचा अंगठा ऑल्टवर असतो आणि टॅब एकसारखा चालू असतो. हवी ती विंडो येते, पुढे निघून जाते, भलतीच उघडते आणि शेवटी हात माउसकडे जातो. हा शॉर्टकट सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोणत्या हिशेबाने विंडो दाखवतो, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तो हिशेब कळला की गोंधळ तिथेच अर्धा संपतो. उरलेला अर्धा आधीच्या तयारीने संपतो.

विंडोज १० आणि ११ सोबत उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टमही इथे घेतली आहे, कारण बऱ्याच जणांना दोन्हींवर बसावं लागतं. जिल्हा न्यायालयांतले संगणक ई-कोर्ट प्रकल्पामुळे उबुंटूवर चालतात आणि तिथल्याच स्टेनोच्या घरचा लॅपटॉप विंडोजवर असतो. उबुंटूमध्ये ज्याला ‘सुपर’ म्हणतात ते बटण म्हणजे कीबोर्डवरचं विंडोजच्या चिन्हाचं बटण. काही शॉर्टकट दोन्हीकडे तेच आहेत पण काम वेगळं करतात. तशा जागा त्या-त्या टप्प्यात सांगितल्या आहेत.

## १. शॉर्टकटच्या आधीची तयारी

हा टप्पा गाळून पुढे जाऊ नका. लोक शॉर्टकट पाठ करतात, पण समोरचा पसारा तसाच ठेवतात.

एक नेहमीचं काम उदाहरणाला घेऊ. सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायचा आहे. एकीकडे अर्जदाराच्या कागदपत्रांचा पीडीएफ, दुसरीकडे ब्राउझरमधला ऑनलाइन फॉर्म, तिसरीकडे दिवसभराच्या नोंदीची एक्सेल फाइल. या कामाला एवढ्या तीनच विंडो लागतात. गाणी, कालचा वर्डचा मसुदा, डाउनलोडचा फोल्डर यांतलं जे आत्ता नको ते बंद करा. मिनिमाइज करून भागत नाही, कारण मिनिमाइज केलेली विंडोसुद्धा ऑल्ट-टॅबच्या यादीत जागा अडवते.

आता ब्राउझरकडे बघा. पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडला असेल तर फॉर्म आणि पीडीएफ एकाच विंडोतले दोन टॅब असतात. ऑल्ट-टॅब विंडो बदलतो, ब्राउझरच्या आतले टॅब बदलणं त्याचं काम नाही. “ऑल्ट-टॅब केलं तरी पीडीएफ येतच नाही” ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उपाय सोपा आहे: पीडीएफचा टॅब माउसने पकडून खाली ओढा आणि सोडा, त्याची स्वतंत्र विंडो होते. ज्या दोन गोष्टींमध्ये सतत ये-जा करायची आहे त्या स्वतंत्र विंडोत असू द्या. क्वचित लागणाऱ्या गोष्टी टॅबमध्ये राहिल्या तरी चालतात. टॅब बदलायला कंट्रोल-टॅब आहे, उलट जायला कंट्रोल-शिफ्ट-टॅब. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-टॅब शेवटी पाहिलेल्या टॅबच्या क्रमाने फिरतो अशी सेटिंग असते. तिथे टॅब दिसतात त्याच क्रमाने जायचं असेल तर कंट्रोल-पेजडाउन दाबा.

एज ब्राउझर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोज ऑल्ट-टॅबच्या यादीत एजचे अलीकडचे टॅबही घुसवू शकतं, आणि तसं असेल तर तीन विंडोंची यादी सात-आठची होते. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात मल्टिटास्किंग उघडा. ऑल्ट-टॅबमध्ये टॅब दाखवण्याचा पर्याय तिथे आहे, तो बंद करा. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने हे सगळ्यात आधी करावं.

तपासा: ऑल्ट दाबून धरा आणि टॅब एकदा दाबा. समोर येणाऱ्या चौकटीत तुम्ही ठरवल्या तेवढ्याच विंडो दिसल्या पाहिजेत. एखादी जास्त दिसली तर ती कुठून आली ते शोधा. त्याशिवाय दुसऱ्या टप्प्याकडे वळू नका.

## २. यादीचा हिशेब समजून घ्या

ऑल्ट-टॅबची यादी विंडो उघडल्या त्या क्रमाने नसते. टास्कबारवर दिसतात त्या क्रमानेही नसते. जी विंडो तुम्ही सगळ्यात शेवटी वापरली ती पहिली, तिच्या आधी वापरलेली दुसरी, असा तो क्रम असतो. टेबलावरच्या फायलींच्या चळतीसारखं हे चालतं: जी फाइल हाताळली ती वर येऊन बसते आणि बाकीच्या जशा होत्या तशा खाली सरकतात.

आपल्या उदाहरणात तुम्ही आत्ता फॉर्ममध्ये आहात, त्याआधी पीडीएफ पाहिला होता आणि त्याच्याही आधी एक्सेल. यादी अशी: फॉर्म, पीडीएफ, एक्सेल.

ऑल्ट धरून टॅब एकदा दाबला आणि दोन्ही सोडले. पीडीएफ आला. यादी झाली: पीडीएफ, फॉर्म, एक्सेल.

पुन्हा तसंच केलं. फॉर्म आला. यादी पुन्हा: फॉर्म, पीडीएफ, एक्सेल.

म्हणजे एकेक टिचकी मारत राहिलात तर दोनच विंडोंमध्ये ये-जा होत राहील, एक्सेल कधीच येणार नाही. त्यासाठी ऑल्ट न सोडता टॅब दोनदा दाबावा लागतो. तसं केलं की यादी होते: एक्सेल, फॉर्म, पीडीएफ. इथून एक टिचकी मारली की फॉर्म येतो आणि यादी बनते फॉर्म, एक्सेल, पीडीएफ.

नेमकी इथेच चूक होते. फॉर्ममधून पीडीएफला जायला मघाशी एक टिचकी पुरत होती, म्हणून हात सवयीने एकच टिचकी मारतो आणि एक्सेल उघडतं. संगणकाचं काही बिघडलेलं नसतं. मधे तुम्ही एक्सेलला जाऊन आलात, म्हणून पीडीएफ एक पायरी मागे गेला. मनात एकच प्रश्न ठेवा: ही विंडो मी किती विंडोंपूर्वी पाहिली? तेवढ्या वेळा टॅब.

सावधान: विंडो बाजूला करायची म्हणून मिनिमाइज करण्याची सवय सोडा. मिनिमाइज केलेली विंडो यादीच्या शेवटी जाते आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. पुढची विंडो वर आली की मागची आपोआप झाकली जाते, तिला वेगळं लपवायची गरज नाही.

## ३. बोटांची सवय

डावा अंगठा ऑल्टवर, मधलं बोट टॅबवर. अंगठा दाबून धरायचा असतो, टॅबला नुसती टिचकी मारायची असते. ऑल्ट सोडला त्या क्षणी निवड पक्की होते. ऑल्ट धरलेला आहे तोवर काहीच पक्कं झालेलं नसतं, म्हणून घाई करू नका. चौकट डोळ्यांसमोर असते, तिच्यात बघा आणि मग सोडा.

पुढे निघून गेलात तर पूर्ण फेरी मारू नका. ऑल्ट धरलेलाच ठेवून शिफ्टसोबत टॅब दाबा, एक पाऊल मागे येतं. बेतच बदलला तर ऑल्ट सोडण्याआधी एस्केप दाबा, जिथे होतात तिथेच राहाल.

सराव असा करा. पहिल्यांदा फक्त दोन विंडो उघड्या ठेवा आणि पीडीएफमधलं एकेक नाव वाचून फॉर्ममध्ये टाइप करा, माउसला हात न लावता. ते डोळे झाकून जमायला लागलं की तिसरी विंडो उघडा. पहिल्याच दिवशी सहा विंडो घेऊन बसाल तर जुनी गोल फिरण्याची सवयच पक्की होईल.

सावधान: वर्ड किंवा एक्सेलमध्ये नुसता ऑल्ट दाबून सोडला तर वरच्या पट्टीवर छोटी-छोटी अक्षरं उमटतात. त्यानंतर तुम्ही जे टाइप कराल ते मजकुरात न जाता कमांड म्हणून चालवलं जातं. “आपोआप काहीतरी झालं” असं वाटतं ते यामुळे. अक्षरं दिसली की आधी एस्केप दाबा, मग पुढचं.

एका हाताने काम करणाऱ्यांना किंवा बोटं आखडणाऱ्यांना ऑल्ट धरून ठेवणं त्रासाचं होतं. विंडोजमध्ये त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब एकदा एकत्र दाबून सोडावं. चौकट तशीच उघडी राहते. मग बाणाच्या बटणांनी विंडो निवडायची आणि एंटर दाबायचं. उबुंटूमध्ये हाच शॉर्टकट वरच्या पट्टीकडे वगैरे नेतो, विंडोंची यादी देत नाही, हे लक्षात असू द्या.

## ४. एकाच प्रोग्रामच्या दोन विंडो

विंडोजमध्ये यात अडचण नाही. एक्सेलच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक फाइल वेगळ्या विंडोत उघडते, त्यामुळे दोन फायली ऑल्ट-टॅबमध्ये दोन वेगळ्या विंडो म्हणून दिसतात. फक्त एक्सेलच्याच फायलींमध्ये फिरायचं असेल तर कंट्रोल-टॅब आहे. एका फाइलमधल्या शीट बदलायला कंट्रोल-पेजअप आणि कंट्रोल-पेजडाउन.

उबुंटूमध्ये आधी चाचणी घ्या. टेक्स्ट एडिटरच्या दोन विंडो उघडा आणि ऑल्ट-टॅब दाबून बघा. दोन्ही विंडोंची छोटी चित्रं वेगवेगळी दिसली तर तुमचा संगणक विंडोनुसार बदल करतो आहे. एकच चिन्ह आणि त्याखाली छोटा बाण दिसला तर तो प्रोग्रामनुसार बदल करतो, आणि तिथे दुसरी विंडो गाठायला ऑल्टसोबत टॅबच्या लगेच वरचं बटण दाबावं लागतं. त्या बटणावर कोणतं चिन्ह छापलं आहे याला महत्त्व नाही. ते जागेवरून ओळखलं जातं, त्यामुळे मराठी कीबोर्ड चालू असतानाही चालतं.

कोर्टात एकावेळी तीन-चार निकालपत्रं उघडी असतात. तिथे विंडोनुसार बदलच सोयीचा, असं मला वाटतं. तो लावायचा क्रम असा:

१. सेटिंग्ज उघडा, कीबोर्डमध्ये जा आणि शॉर्टकट बघण्या-बदलण्याचा पर्याय निवडा.
२. नेव्हिगेशन गटात ‘स्विच विंडोज’ नावाची ओळ शोधून तिच्यावर क्लिक करा.
३. ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबा. हा शॉर्टकट दुसरीकडे वापरात आहे असा इशारा आला तर ‘रिप्लेस’ निवडा.

नको असलेला शॉर्टकट काढायला त्याच खिडकीत बॅकस्पेस दाबतात आणि काही न बदलता बाहेर पडायला एस्केप. या दोघांत गल्लत करू नका. नुसतं बघायला म्हणून गेलेले लोक बॅकस्पेस दाबून शॉर्टकट काढून बसतात आणि मग ऑल्ट-टॅब बंद पडला म्हणून मशीन दुरुस्तीला पाठवतात.

## ५. रोजच्या प्रोग्रामला पक्का आकडा

ऑल्ट-टॅबचा क्रम सतत बदलतो. म्हणून तो दोन-तीन विंडोंपर्यंतच कामाचा. चौथी-पाचवी विंडो आली की मोजणं डोक्यात राहत नाही. तिथे आकड्यांचा शॉर्टकट वापरा. फार लोक तो वापरत नाहीत, पण नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची खरी किंमत कळते: लाईन गेली, यूपीएसने दम तोडला, मशीन परत चालू झाली की ऑल्ट-टॅबचा क्रम शून्यापासून सुरू होतो. आकडे मात्र होते तिथेच असतात.

आधी टास्कबार लावून घ्या. रोज लागणारे प्रोग्राम टास्कबारवर पिन करा, म्हणजे त्यांची चिन्हं तिथे कायम राहतील, आणि माउसने ओढून कायमच्या क्रमाने ठेवा. अडतीवर समजा बिलिंगचं सॉफ्टवेअर पहिलं, एक्सेल दुसरं, ब्राउझर तिसरा. आता विंडोज बटण धरून १ दाबलं की बिलिंग, २ दाबलं की एक्सेल. प्रोग्राम बंद असेल तर तो उघडतो, उघडा असेल तर समोर येतो. संत्र्याच्या हंगामात गाड्या लागलेल्या असताना आवक एक्सेलमध्ये आणि पट्टी (विक्रीचं बिल) बिलिंगमध्ये करायची असते, तेव्हा १ आणि २ इतकं सोपं दुसरं काही नाही.

मोजताना स्टार्ट, सर्च, टास्क व्ह्यू ही चिन्हं धरू नका. पिन केलेल्या पहिल्या प्रोग्रामपासून १ सुरू होतो आणि दहाव्याला ० लागतो. आकडे कीबोर्डच्या वरच्या ओळीतले वापरा, उजवीकडच्या नंबरपॅडचे नकोत. उबुंटूमध्ये सुपरसोबत १ ते ९ असंच चालतं, आणि डॉक (तिथला टास्कबार) डावीकडे उभा असेल तर मोजणी वरून खाली.

सावधान: विंडोजमध्ये तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये आहात त्याचाच आकडा पुन्हा दाबला आणि त्याची एकच विंडो उघडी असेल, तर ती मिनिमाइज होते. “एक्सेल गायब झालं” ते असं. तोच आकडा पुन्हा दाबा, परत येतं.

एका प्रोग्रामच्या अनेक विंडो असतील तर विंडोज बटण धरून ठेवा आणि आकडा पुन्हा पुन्हा दाबा, एकेक विंडो निवडली जाते. कंट्रोलही सोबत धरला तर त्या प्रोग्रामची शेवटी वापरलेली विंडो थेट समोर येते.

तपासा: टास्कबार झाकून, आकडे न बघता पहिले तीनही प्रोग्राम उघडता येतात का? येत नसतील तर क्रम बदलू नका, सराव वाढवा. दर आठवड्याला क्रम बदलणाऱ्याला आकडे कधीच लक्षात राहत नाहीत.

## ६. दोन कामांसाठी दोन डेस्कटॉप

हे सगळ्यांना लागत नाही. अर्ज भरता भरता मधेच लग्नपत्रिकेचं काम येणाऱ्या दुकानांसाठी मात्र उपयोगाचं आहे.

विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की नवा डेस्कटॉप, म्हणजे त्याच स्क्रीनवर विंडो ठेवायला दुसरी मोकळी जागा, तयार होतो. विंडोज-कंट्रोलसोबत डावा-उजवा बाण दाबून एकातून दुसऱ्यात जा. विंडोज-कंट्रोल-एफ४ ने डेस्कटॉप बंद होतो, त्यातल्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात. उघडी विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर न्यायला विंडोजमध्ये तयार शॉर्टकट नाही. विंडोज-टॅब दाबून माउसने ओढावी लागते. उबुंटूमध्ये सुपरसोबत पेजअप-पेजडाउन दाबून डेस्कटॉप बदलतो आणि शिफ्ट जोडला की विंडोही सोबत येते.

या टप्प्यावर हमखास विचारलं जातं की दुसऱ्या डेस्कटॉपवरची विंडो ऑल्ट-टॅबमध्ये का दिसत नाही. विंडोजची मूळ सेटिंग फक्त चालू डेस्कटॉपपुरती असते. मल्टिटास्किंगच्या त्याच पानावर ती बदलता येते. मी बदलायचा सल्ला देणार नाही, कारण काम वेगळं ठेवण्यासाठीच तर दुसरा डेस्कटॉप केला.

## ७. मराठी-इंग्रजीचा घोळ

विंडो बरोबर आली, पण टाइप केलं तर इंग्रजीऐवजी मराठी उमटलं. मराठीत काम करणाऱ्यांना ही अडचण रोज येते आणि तिची कारणं दोन.

पहिलं कारण: विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडले की भाषा बदलते. मागे जाण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबायला गेलात आणि टॅबवर बोट पडण्याआधीच हात उचलला, तर विंडो तीच राहते आणि भाषा मात्र बदलते. तुम्ही इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डच्या मांडणीवर) टाइप करत असाल तर पुढची ओळ वाया जाते. हा शॉर्टकट बंद करून टाका. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज या क्रमाने जा; विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हाइसेसमध्ये असतं, पुढचा क्रम तोच. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच, आणि त्याचा विंडो बदलण्याशी कुठे संबंध येत नाही. उबुंटूतही सुपर-स्पेसच वापरतात.

दुसरं कारण: भाषा सगळ्या विंडोंसाठी एकच धरलेली असते. तुमचा वर्ड कायम मराठीत आणि ऑनलाइन फॉर्म कायम इंग्रजीत चालत असेल, तर त्याच ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय सुरू करा. उबुंटूमध्ये तो कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. मग वर्डमध्ये आलात की मराठी, फॉर्ममध्ये गेलात की इंग्रजी. एकाच विंडोत दोन्ही भाषा मिसळून टाइप करणाऱ्यांनी मात्र हे सुरू करू नये. कोणत्या विंडोत शेवटी कोणती भाषा सोडली होती हे त्यांच्या लक्षात राहणार नाही.

तपासा: वर्डमध्ये मराठी, फॉर्ममध्ये इंग्रजी लावा. ऑल्ट-टॅबने चार-पाच वेळा ये-जा करा आणि प्रत्येक ठिकाणी एक अक्षर टाइप करून बघा.

## ८. सगळं बरोबर करूनही अडलं तर

विंडो समोर आली पण त्यात टाइपच होत नाही: त्या प्रोग्रामने ‘सेव्ह’ किंवा ‘प्रिंट’सारखा प्रश्न विचारणारी छोटी चौकट उघडून ठेवली असते आणि ती कुठेतरी मागे असते. एस्केप दाबून बघा. प्रिंटची चौकट उघडी टाकून ग्राहकाशी बोलायला वळलेल्या ऑपरेटरला हे फार वेळा आडवं येतं.

सगळ्या विंडो एकदम नाहीशा झाल्या: विंडोज-डी दाबलं गेलं. लगेच तेच पुन्हा दाबा. मधे काही उघडलंत तर सगळ्या विंडो पूर्वीसारख्या परत येतीलच असं नाही, म्हणून आधी हात थांबवा.

रिमोट डेस्कटॉपवरून दुसऱ्या मशीनचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर ऑल्ट-टॅब कोणत्या मशीनला लागू होतो ते आधी पाहा. रिमोटची स्क्रीन पूर्ण पसरलेली असेल तर तो सहसा पलीकडच्या मशीनवर चालतो आणि छोट्या विंडोत असेल तर तुमच्याच मशीनवर. छोट्या विंडोत असताना पलीकडच्या मशीनवरची विंडो बदलायची असेल तर टॅबऐवजी ऑल्ट-पेजअप दाबा. ज्या लॅपटॉपवर पेजअपचं वेगळं बटण नसतं तिथे ते बहुधा एफएन आणि वरच्या बाणावर असतं.